पुढचा लहान पंख

घरी विमान बांधणाऱ्या हौशी माणसाने एका संकटाचा विचार आधी केला पाहिजे. विमानाचे नाक फार वर गेले व वेग मंदावला, की पंखावरून वाहणारी हवा विस्कटते आणि विमानाला उचलून धरणारा जोर एकाएकी घटतो. अशा वेळी एक पंख दुसऱ्याच्या आधी खचला, तर विमान गिरक्या घेत खाली येते. उतरताना जमीन जवळ असते. तेव्हा सावरण्यास अवसरच मिळत नाही.

अमेरिकेतील अभियंते बर्ट रुटान यांनी पूर्वी लष्करी विमानांच्या अशा गिरक्यांच्या चाचण्यांत काम केले होते. १९७५ साली प्रथम उडालेल्या आपल्या ‘व्हेरीईझी’ विमानात त्यांनी शेपटीकडील आडवा पंख नाकापाशी बसविला. वेग फार घटला, की हा लहान पंख आधी हार खातो. नाक किंचित खाली झुकते, वेग वाढतो आणि मोठा पंख शाबूत राहतो. त्यांच्या आराखड्यांवरून अनेकांनी घरोघरी अशी विमाने बांधली.

मात्र विमानाचा भार मर्यादेबाहेर मागे सरकला, तर हा गुण नाहीसा होतो. म्हणून रचना कितीही उत्तम असो, पहिल्या उड्डाणापूर्वी विमान काळजीपूर्वक तोलून पाहिलेच पाहिजे. कल्पकतेला दक्षतेची जोड हवी.