पाणी उतरले त्या वाटेने

प्रश्न : सिडकोत राहायला येऊन बरीच वर्षे झाली. पाहुणे आले की देवगिरी, वेरूळ, मकबरा हे आमचे ठरलेले. पण मला स्वतःसाठी, एकट्याने, गाइडबिइड न घेता पायी हिंडता येईल अशी शांत हिरवी वाट हवी आहे. उद्यानांत जावे तर लाउडस्पीकर आणि पाळण्यांसाठी रांगा. आणखी एक कुतूहल. आपल्याकडे नळाला कित्येक दिवस पाणी नाही, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. मग दिल्ली दरवाजाच्या बाहेर इतकी जुनी, दाट झाडी टिकली कशी?
– एक वाचक, सिडको

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, म्हणजे पहिल्याची वाट आपोआप सापडेल.

आपल्या शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत आणि तिथून जमीन दक्षिणेकडे उतरत येते. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी गावाच्या जागी राजधानी वसवली, तेव्हा एवढ्या वस्तीला पाणी कुठून आणायचे हा पहिला पेच होता. खाम नदी काही बारमाही भरवशाची नव्हे. त्याने उत्तरेकडच्या खोऱ्यात जमिनीखाली बोगदा खणवला, भूगर्भातला झिरपा त्यात गोळा केला आणि निव्वळ उताराच्या जोरावर गावात आणला. ना मोट, ना रहाट. हीच नहर-ए-अंबरी. पुढे इतरांनीही नहरी काढल्या. पाणचक्कीची वेगळी, बेगमपुऱ्यातल्या थत्ते हौदाची वेगळी. आज आपण पैठणच्या नाथसागरातून पाणी वर खेचून आणतो आणि तरी वाट पाहत बसतो. तेव्हा ते वरून आपल्या पायाने चालत येत होते.

नहरी उत्तरेकडून आल्या, म्हणून बागाही उत्तरेलाच झाल्या. पण पाण्याने झाडे वाढतात. ती टिकतात ती जमीन कोणाच्या नावावर आहे त्यावरून. हिमायतबाग कृषी विद्यापीठाकडे, पाणचक्की वक्फकडे, नागसेनवन पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे, डोंगरपायथा मराठवाडा विद्यापीठाकडे, लेणी पुरातत्त्व खात्याकडे. यांपैकी एकही जागा नुसती मोकळी म्हणून पडून नव्हती आणि विकाऊही नव्हती, त्यामुळे तिथे प्लॉट पडले नाहीत. माझे मत विचाराल, तर या शहराची खरी सावली उद्यान विभागापेक्षा संस्थांच्या आवारांत जास्त आहे. तुम्ही उद्याने शोधत होता म्हणून ती हाती लागली नाही.

आता वाट सांगतो. साताठ किलोमीटरची आहे. सकाळी लवकर निघा, आणि एका दमात झालीच पाहिजे असा हट्ट नको.

सुरुवात दिल्ली दरवाजापाशी करा. शेजारी सलीम अली सरोवर आहे. जुने नाव खिजरी तलाव. पुढे त्याला पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अलींचे नाव मिळाले. तलावाभोवती फेरी मारायला मिळेल असे धरून चालू नका, आणि खरे तर न मिळालेलेच बरे. माणूस काठापासून लांब राहिला की पाणपक्षी राहतात. बाहेरून थांबून पाहा. वंचक, टिबुकली, खंड्या यांच्यासाठी दुर्बिणीचीही गरज नाही.

त्यानंतर हिमायतबाग. इथे मात्र घाई करू नका. मोगल काळातली ही बाग, सुमारे तीनशे एकरांचा विस्तार, आणि आता तिथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. म्हणून इथली झाडी शोभेची नाही, कामाची आहे. आंबा, चिंच, जांभूळ, आवळा. ओळीने लावलेली कलमे एकीकडे आणि कोणी लावली हे सांगता येणार नाही अशी थोराड चिंचेची झाडे दुसरीकडे. एप्रिलमध्ये कैऱ्यांनी फांद्या वाकलेल्या असतात. तोडायचा मोह आवरा, बहुतेक वेळा त्या झाडांचा बहार आधीच लिलावात गेलेला असतो आणि राखणदार झाडाआडून तुमच्याकडेच पाहत असतो. बाकी गर्दी म्हणाल तर पहाटे फिरायला येणाऱ्यांची. ऊन चढले की बाग मोर, पोपट आणि साळुंक्यांची. आत जाताना फाटकावर विचारून जा. ही संशोधनाची जागा आहे, आपण तिथे पाहुणे. पायवाट सोडून वाफ्यांत शिरू नये, एवढे भान पुरे.

तिथून किले अर्काच्या बाजूने घाटी रुग्णालयाकडे यायचे आहे. हा टप्पा हिरवा नाही, शांत तर मुळीच नाही. वाटल्यास रिक्षा करा, त्यात कमीपणा नाही.

पाणचक्की म्हटले की सहलीच्या बसेस आठवतात, म्हणून तुम्ही ती यादीतून काढली असेल. सकाळी दार उघडता उघडता जा. बुखाऱ्याजवळच्या गझदवानहून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा दर्गा. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून इथवर आणून, उंच भिंतीवर चढवून खाली पाडले आहे. तेच पात्यांवर पडून जाते फिरवायचे आणि फकीर-मुसाफिरांच्या भाकरीचे पीठ निघायचे. पाणी चढावर चढते याचे पोरांना फार नवल वाटते. कारण सोपे आहे. झरा या भिंतीहून उंचावर आहे, आणि बंद नळातले पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत स्वतःहून चढू पाहते. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी, खाली यात्रेकरूंची थंडगार पथारी. आणि हौदाकाठी तो अवाढव्य वड. त्याचे वय गाइडागणिक बदलते, तेव्हा आकड्यात शिरू नका, सावलीत बसा.

महमूद दरवाजातून खाम ओलांडा. नदीबद्दल खोटे बोलत नाही. उन्हाळ्यात नाकाला रुमाल लागू शकतो. पण गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि नागरिकांनी मिळून पात्र साफ करायला घेतले आहे, लोखंडी पुलाकडच्या काठाला झाडे लागली आहेत. वेळ असेल तर तिकडे वळून या.

पलीकडे नागसेनवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांची प्रश्नोत्तरे पाली वाङ्मयात प्रसिद्ध आहेत. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचे. प्रश्नोत्तरांचे सदर चालवणाऱ्याने इथे जरा वाकून जावे, असे मला नेहमी वाटते. हे नेटके राखलेले उद्यान नाही. कडुनिंबांखाली धूळ आहे, सायकली टेकवलेल्या आहेत, परीक्षा जवळ आली की झाडागणिक एक मुलगा पुस्तक घेऊन बसलेला दिसतो. मराठवाड्यातल्या किती घरांतला पहिला पदवीधर या सावलीत शिकला, याचा हिशेब कोणी मांडला तर तो या शहराचा वेगळाच इतिहास होईल. चैत्रात कडुनिंब फुलतो तेव्हा सकाळी इथे या. तो मंद कडसर गोड वास सिडकोच्या रस्त्यांवर मिळणार नाही.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे प्रवेशद्वार. विद्यापीठ १९५८चे, नामविस्तार १४ जानेवारी १९९४चा. त्या तारखेला इथे पाय ठेवायला जागा नसते. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा, शहर समजून घ्यायचे असेल तर नेमके त्याच दिवशी या. एरवी आतले रस्ते निवांत आहेत. जसजसे डोंगराकडे जाल तशी इमारतींची गर्दी सरते आणि बाभूळ, पळस, सीताफळीची झुडपे सुरू होतात. मोर इथेही आहेत, आणि सवयीने जरा धीट झाले आहेत. पायथ्याशी सोनेरी महाल. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या एका बुंदेल्या सरदाराचा हा वाडा. भिंतींवर एकेकाळी सोनेरी रंगात चित्रे होती म्हणून हे नाव. आत राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. माझ्या अंदाजाने शहरातली सर्वांत दुर्लक्षित सुंदर वास्तू हीच.

शेवटी औरंगाबाद लेणी. वेरूळ-अजिंठ्याच्या नावाखाली दबून गेलेली ही बौद्ध लेणी बहुतांशी सहाव्या-सातव्या शतकांतली. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेले उपासक आहेत. स्त्रियांचे केशसंभार आणि पुरुषांचे दागिने इतके वेगवेगळे, की शिल्पकाराने ओळखीची माणसे बसवली असावीत. सातव्यात संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर आहे. बाहेर कट्ट्यावर आलात की तुम्ही चालून आलेला सगळा उतार खाली दिसतो. मकबऱ्याचा पांढरा घुमट, त्याभोवती हिरवा पट्टा, आणि त्यापुढे दाट वस्ती. हिरवा पट्टा कुठे संपतो ते नीट पाहा. नहरीचा नकाशा न उघडता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथून दिसते.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? आणि नातवंडांना नेता येईल का?

उत्तर : पहिले दोन पाऊस झाले की दिवाळीपर्यंत उत्तम. त्या दिवसांत डोंगरही हिरवे असतात. पळस पाहायचा तर होळीच्या सुमारास, पण नऊच्या आत घरी परता. नातवंडांना सगळी वाट चालवू नका. हिमायतबाग आणि पाणचक्की एका रविवारी, सोनेरी महाल आणि लेणी दुसऱ्या. लेण्यांना पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर सावकाश. पाणी बरोबर न्या, वर दुकान नाही. परतीची रिक्षाही तिथे मिळेलच असे नाही, तेव्हा नेणाऱ्यालाच थांबायला सांगा आणि थांबण्याचे पैसे चढण्याआधी ठरवून घ्या.