रिमोटमधला चपटा सेल आणि लहान मूल

टीव्हीचा रिमोट खाली पडतो, सेलचे झाकण निसटते, हरवते. मग आपण रबर लावून काम भागवतो. हे बहुतेक घरांत चालते. पण घरात रांगणारे मूल असेल तर त्या रिमोटमध्ये कोणता सेल आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

बहुतेक रिमोटमध्ये बारीक पेन्सिल सेल असतात. काही छोट्या, पातळ रिमोटमध्ये मात्र नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यावर बहुधा सीआर २०३२ किंवा २०२५ असे लिहिलेले असते. यातील २० म्हणजे सेलची रुंदी, २० मिलिमीटर. नेमका हाच आकार लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो.

अडकलेल्या सेलला ओलावा मिळाला की त्यातून वीज वाहू लागते आणि त्याच्या ऋण टोकाशी कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो. सेल फुटावा लागत नाही. अवघ्या दोन तासांत अन्ननलिका गंभीरपणे भाजू शकते. पुढे भोक पडून मोठी रक्तवाहिनीही फुटू शकते. रिमोट चालत नाही म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही एवढी ताकद उरलेली असते.

अमेरिकेत २०२० साली रीझ नावाची दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला असा सेल गिळून दगावली. सुरुवातीला तिचा त्रास श्वासमार्गाच्या सुजेचा वाटला होता. २०२२ साली तिथे तिच्या नावाने कायदा झाला : सेलचा कप्पा लहान मुलांना सहज उघडता येणार नाही असाच हवा.

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी :

१. "शौचावाटे पडेल" म्हणून थांबू नये. लाळ गळणे, खोकला, अन्न नको म्हणणे ही लक्षणे असतात. कधी काहीच लक्षण नसते.

२. लगेच १०८ ला फोन करावा किंवा एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. "चपटा सेल गिळला असावा" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखा दिसू शकतो. रिमोट किंवा तसाच दुसरा सेल सोबत न्यावा.

३. उलटी करवू नये. खायला-प्यायला देऊ नये.

४. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने भाजणे मंदावते, पण हा उपचार नव्हे. मधासाठी निघायला उशीर करू नये. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये.

सेल नाकात घातला असेल तरीही तातडीने डॉक्टरांकडे जावे. नाकात औषधाचे थेंब टाकू नयेत.

बदली रिमोट घेताना दुकानात झाकण उघडून पाहावे. चपटा सेल असेल तर स्क्रूने बंद होणाराच रिमोट घ्यावा. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. आज घरी गेल्यावर रिमोट उलटा करून एकदा पाहूया आणि शेजारच्या घरातही सांगूया.