युनगांगची लेणी

चीनच्या शान्शी प्रांतात दातोंग हे मोठे शहर आहे. बीजिंगच्या पश्चिमेस असलेला हा प्रदेश दगडी कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. शहरापासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावर पिवळसर वालुकाश्माचा एक उभा कडा पूर्व-पश्चिम पसरलेला दिसतो. या कड्यात जवळजवळ एक किलोमीटर लांबीपर्यंत बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लहानमोठी मिळून २५२ लेणी व कोनाडे आणि त्यांत सुमारे ५१,००० मूर्ती! सर्वांत मोठी मूर्ती १७ मीटर उंच आहे, तर सर्वांत लहान मूर्ती बोटाच्या पेराएवढी. २००१ साली युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.

आकडे ऐकून मन थक्क होते. परंतु एवढा प्रचंड उद्योग कोणी आणि कशासाठी आरंभला, हे जाणून घेतल्याशिवाय या मूर्तींकडे पाहण्याची दृष्टी येत नाही. त्याचे उत्तर एका विध्वंसाच्या कथेत आहे.

पाचव्या शतकात उत्तर चीनवर उत्तर वेई घराण्याचे राज्य होते. हे राज्यकर्ते मूळचे तुओबा नावाच्या भटक्या, घोडेस्वार जमातीचे. आजचे दातोंग हीच त्यांची राजधानी होती. या घराण्यातील ताइवू या सम्राटाने ४४६ साली बौद्ध धर्माविरुद्ध कठोर आज्ञा काढली. मंदिरे पाडावीत, मूर्ती फोडाव्यात, ग्रंथ जाळावेत आणि भिक्षूंना ठार मारावे, असे तिचे स्वरूप होते. युवराजाने ती आज्ञा जाहीर करण्यास मुद्दाम विलंब लावला. त्यामुळे अनेक भिक्षूंना पळून जाता आले आणि काही मूर्ती व ग्रंथ लपवून ठेवता आले. वास्तू मात्र वाचल्या नाहीत.

या संकटात तान्याओ नावाच्या एका भिक्षूने आपली चीवरे आणि धर्मविधीची साधने गुप्तपणे सतत अंगावर बाळगली, अशी नोंद त्या घराण्याच्या इतिहासग्रंथात आहे. ४५२ साली ताइवूचा खून झाला. त्याच वर्षी त्याचा अल्पवयीन नातू वेनचेंग गादीवर आला आणि त्याने बौद्ध धर्मावरील बंदी उठवली. पुढे तान्याओला राजधानीत बोलावण्यात आले. वाटेत सम्राटाच्या घोड्याने पुढे होऊन त्याचे वस्त्र तोंडात धरले आणि ‘घोड्याला सज्जन ओळखू आला’ असे लोक म्हणू लागले, अशी आख्यायिका आहे. घोड्यांवर प्रेम करणाऱ्या लोकांनाच अशी कथा सुचावी!

४६० च्या सुमारास तान्याओ भिक्षुसंघाचा प्रमुख झाला. त्याने सम्राटाला विनंती करून पाच मोठी लेणी खोदण्याचे काम हाती घेतले. आज त्यांना १६ ते २० असे क्रमांक दिलेले आहेत. लाकडी मंदिर एका रात्रीत जळून जाते. डोंगर जाळता येत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी विध्वंस पाहिलेल्या माणसाच्या मनात हा विचार नक्कीच असला पाहिजे.

विसाव्या लेण्याची समोरची भिंत फार पूर्वीच कोसळली. त्यामुळे आतील १३.७ मीटर उंचीची ध्यानस्थ बुद्धमूर्ती आज उघड्यावर आहे. रुंद खांदे, खांद्यांपर्यंत पोहोचणारे कान आणि ओठांवर अस्फुट स्मित असलेल्या या मूर्तीसमोर प्रवासी आपोआप थबकतात. पाच लेण्यांतील पाच मुख्य मूर्ती उत्तर वेई घराण्याच्या पाच सम्राटांच्या प्रतीक आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात. अठराव्या लेण्यातील उभ्या बुद्धाच्या वस्त्रावर असंख्य चिमुकले बुद्ध कोरलेले आहेत. ही मूर्ती ताइवूची असावी, असे काहींचे मत आहे. ते खरे असेल, तर ज्याने मूर्ती फोडल्या त्याच्याच अंगावर शिल्पकारांनी बुद्धांचे वस्त्र पांघरले, असे म्हणावे लागेल. मात्र तसे सांगणारा शिलालेख तेथे नाही.

सहाव्या लेण्यात सुमारे १५ मीटर उंचीचा चौकोनी स्तंभ आहे. स्तंभावर आणि भिंतींवर बुद्धाचे जीवनचरित्र प्रसंगाप्रसंगाने कोरलेले आहे. गृहत्यागाच्या प्रसंगी कंथक घोडा गुडघे टेकून सिद्धार्थाचा निरोप घेतो, ते शिल्प पाहणाऱ्याला भाषेची गरज भासत नाही. आठव्या लेण्याच्या प्रवेशद्वाराशी तर भारतीय प्रवाशाला ओळखीची खूण भेटते. तेथे तीन मुखांचा, आठ हातांचा महेश्वर नंदीवर बसलेला आहे आणि त्याच्या हातात द्राक्षांचा घड आहे. भारतातून निघालेला देव मध्य आशियाच्या वाटेने येथवर आला, हे तो घडच सांगतो.

याच सुमारास, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, महाराष्ट्रात अजिंठ्याच्या काळ्या कातळातही छिन्नी-हातोड्याचे आवाज घुमत होते. वाकाटक राजा हरिषेण याचा प्रधान वराहदेव याने तेथील सोळावे लेणे करविले. या दोन ठिकाणच्या कारागिरांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतील.

युनगांगला राजाश्रय होता, तरी सारेच काम राजाचे नव्हते. ४८३ सालच्या एका शिलालेखात ५४ उपासकांनी मिळून ९५ मूर्ती करविल्याचा उल्लेख आहे. ४९४ साली राजधानी लोयांगला हलली आणि मोठी कामे थांबली. मागे राहिलेल्या लोकांनी आणखी सुमारे तीस वर्षे लहान लहान लेणी कोरणे चालू ठेवले.

डोंगर जळत नाही, पण झिजतो. अजिंठ्याच्या कातळाच्या मानाने येथील वालुकाश्म मऊ आहे. पाझरणारे पाणी आणि वारा यांनी अनेक चेहरे पुसून टाकले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी चोरांनी शेकडो मूर्तींची शिरे तोडून विकली. त्यांपैकी काही आज परदेशी संग्रहालयांत आहेत. कोळशाच्या मालमोटारींचा रस्ता लेण्यांच्या जवळून जात असे, त्यामुळे बुद्धांच्या खांद्यांवर काळी धूळ साचत राही. १९९८ साली हा रस्ता दूर हलविण्यात आला. त्यानंतर तज्ज्ञांनी लेण्यांची त्रिमितीय मापे घेण्याचे काम हाती घेतले. वाद्ये वाजविणाऱ्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या बाराव्या लेण्याची त्या मापांवरून पूर्णाकृती प्रतिकृती तयार झाली. तिचे भाग सुटे करून दुसऱ्या गावी नेता येतात. २०२० साली ती हांगझोऊ येथे प्रदर्शनात मांडण्यात आली. मूळ बाराव्या लेण्यातील वादक मात्र त्याच कड्यात आहेत आणि त्यांच्यामागील दगडातून पाण्याला कसे वळवावे, यावर तेथील तज्ज्ञांचे काम चालू आहे.