गोसाईंकुंड यात्रा : पूर्वतयारी आणि नियोजन

समुद्रमंथनातून निघालेले हलाहल प्राशन केल्यावर कंठाचा दाह शमविण्यासाठी भगवान शंकर हिमालयात आले. तेथे त्यांनी त्रिशूळाने पर्वत भेदला आणि त्यातून जे जलाशय निर्माण झाले, त्यांपैकी मुख्य ते गोसाईंकुंड, अशी परंपरागत श्रद्धा आहे. नेपाळच्या रसुवा जिल्ह्यात, लांगटांग राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३८० मीटर उंचीवर वसलेले आहे. त्रिशूली नदीचा उगम भाविक येथेच मानतात. २००७ साली गोसाईंकुंड व परिसरातील सरोवरांचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत झाला.

महाराष्ट्रातून पशुपतिनाथाच्या दर्शनास जाणाऱ्या अनेक भाविकांच्या मनात ही यात्राही जोडून करावी असा विचार येतो. तो विचार स्तुत्य आहे. मात्र काठमांडूच्या मुक्कामातील दोन-तीन दिवस वाचवून ही यात्रा उरकता येत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

उंचीचे स्वरूप

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. ज्या धुंचे गावातून पायी वाट सुरू होते, ते गावच त्याहून उंच, म्हणजे सुमारे २,००० मीटरवर आहे. सरोवराकाठी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ साठ टक्केच असतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते, परंतु त्यास काही दिवस लागतात. तेवढी सवड न दिल्यास डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, निद्रानाश व थकवा ही उंचीच्या विकाराची लक्षणे दिसू लागतात. विकार बळावल्यास मेंदूस सूज येते वा फुप्फुसात पाणी साठते आणि प्राणावर बेतते.

या विकारास वय, व्यायाम वा भक्ती यांपैकी कशाचीच भीड नसते. गड-किल्ले चढण्याचा सराव असलेला तरुणही वेगाने चढल्यास आजारी पडतो. याच सरोवरावर आलेल्या यात्रेकरूंची पाहणी करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांना हा विकार जडल्याचे आढळले होते.

दिवसांची आखणी

सुमारे ३,००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. त्यास अनुसरून पुढील क्रम सोयीचा ठरतो.

पहिला दिवस : काठमांडूहून मोटारीने धुंचे.
दुसरा दिवस : पायी देउराली, सुमारे २,६०० मीटर.
तिसरा दिवस : चंदनबारी, सुमारे ३,३०० मीटर. येथे सिंग गोंपा हा बौद्ध मठ आहे.
चौथा दिवस : चंदनबारी येथेच विश्रांती.
पाचवा दिवस : चोलांगपाटी, सुमारे ३,६०० मीटर.
सहावा दिवस : लौरीबिना, सुमारे ३,९०० मीटर.
सातवा दिवस : पहाटे निघून सरोवराचे दर्शन, स्नान व पूजा, त्याच दिवशी उतरून चंदनबारी.
आठवा दिवस : धुंचे.
नववा दिवस : काठमांडू.

यास किमान एक दिवस राखीव जोडावा. वरील क्रमात सरोवराकाठी मुक्काम नाही, तो हेतुपुरस्सर टाळला आहे.

काळाची निवड

जनै पूर्णिमेस, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेस, येथे मोठा मेळा भरतो. गंगा दशहऱ्यासही भाविक येतात. तथापि श्रावणात पाऊस, निसरड्या वाटा, जळवा व दरडी यांचा त्रास असतो. जुलै २०२५ मध्ये याच जिल्ह्यातील भोटेकोशी नदीच्या पुरात चीन सीमेवरील मैत्रीपूल वाहून गेला होता. प्रथमच जाणाऱ्यांनी एप्रिल-मे वा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने निवडावेत. हिवाळ्यात सरोवर गोठते.

मार्गदर्शक व भारवाहक

परवानाधारक मार्गदर्शक घ्यावा आणि समूह मोठा असल्यास एक साहाय्यकही घ्यावा. एखाद्यास खाली न्यावे लागल्यास उर्वरित मंडळी मार्गदर्शकाविना राहत नाहीत. चालण्याची गती समूहातील सर्वांत मंद व्यक्तीची असावी. परत फिरण्याविषयी मार्गदर्शकाचा शब्द अंतिम राहील, हे निघण्यापूर्वीच सर्वांनी मान्य करावे. वर पोहोचल्यावर तसे मान्य करणे कठीण जाते.

भारवाहकांनाही थंडी वाजते आणि उंचीचा विकार जडतो. त्यांचे ओझे तीस किलोहून अधिक नसावे आणि त्यांना उबदार वस्त्रे, निवारा व विमा आहे ना, हे विचारून घ्यावे. यात्रेनिमित्त दानधर्म करू इच्छिणाऱ्यांना यासारखे सत्पात्री दान क्वचितच सापडेल.

प्रकृती, उपवास आणि स्नान

हृदयविकार, दमा वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. उंचीच्या विकारावरील औषधे केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. चढाच्या दिवसांत निर्जळी उपवास करू नये. गोठविणाऱ्या पाण्यात बुडी मारणे ज्यांना झेपणार नाही, त्यांनी मस्तकी जल शिंपडून मार्जन करावे. त्यासही शास्त्राची मान्यता आहे. साबण, निर्माल्य व प्लास्टिक सरोवरात टाकू नये.

परत फिरणे

डोके दुखू लागल्यावर आपल्यामुळे इतरांचे दर्शन हुकेल या संकोचाने पुष्कळ जण ते लपवितात. हाच सर्वांत मोठा धोका होय. डोके दुखत असताना त्याहून वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली, तर रात्र असली तरी सोबत घेऊन तत्काळ खाली उतरावे. सकाळची वाट पाहू नये.

अर्ध्या वाटेवरून परतण्याने व्रतभंग होत नाही. पाटण येथील कुंभेश्वर मंदिराच्या कुंडात गोसाईंकुंडाचेच जल भूमिगत मार्गाने येते, अशी नेपाळमधील भाविकांची श्रद्धा आहे आणि जनै पूर्णिमेस तेथेही स्नानासाठी गर्दी लोटते. पाटण हे काठमांडूच्या लगतचेच नगर असून तेथे चढ नाही. ज्यांना प्रकृतीमुळे वर जाणे शक्य नाही किंवा ज्यांना वाटेतून परतावे लागले, त्यांनी तेथे निःशंक मनाने दर्शन घ्यावे आणि आपली यात्रा पूर्ण झाली असे मानावे.