एकच सीडी, दोन प्रती

आमच्या आजोबांच्या भजनाची एकच सीडी घरी आहे. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला, म्हणून ती संगणकावर उतरविण्याचे काम माझ्याकडे आले. दोन संगणकांवर उतरविली. ऐकण्यास दोन्ही प्रती सारख्या, परंतु पडताळणीचे आकडे जुळेनात. आजोबा आता नाहीत; मग खरी प्रत कोणती?

सीडीवर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात. ५८८ नमुन्यांचा एक, असे ७५ गट. परंतु गटाचा पत्ता ध्वनीच्या माहितीत नसतो, शेजारच्या उपवाहिनीत असतो. त्यामुळे प्रत्येक ड्राइव्ह काही नमुने आधी वा नंतर वाचू लागतो. हाच ऑफसेट होय. ड्राइव्हच्या मॉडेलनुसार तो ठरलेला असतो. ६६७ नमुने म्हणजे अवघे १५ मिलिसेकंद. कानाला फरक कळत नाही, पडताळणीला कळतो. शिवाय एका टोकाचे तेवढे नमुने गळू शकतात.

दोन्ही ड्राइव्हचे ऑफसेट सॉफ्टवेअरमध्ये भरून सीडी पुन्हा उतरविली. टोकांना शांतताच होती. आकडे तंतोतंत जुळले. खोटी कोणतीच प्रत नव्हती, फक्त सुरुवात वेगळी होती. सीड्या कालांतराने खराब होतात. तेव्हा वाचकहो, घरचे आवाज वेळीच उतरवा, पण ऑफसेट भरूनच!

— द्वितीय वर्ष, कला