बायो, आधी झाकण बघ

अगं बायो, काल रात्री तू पाठवलेले स्मोकरचे सहाही फोटो मी दोनदा बघितले. सगळे काळेभोर, चकचकीत, आणि प्रत्येकाखाली तुझा तोच प्रश्न, "ताई, हा घेऊ का?" फोनवर घाईघाईत हो-नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून आज निवांत लिहितेय. चहा घेऊन बस.

मला माहितेय तुला हे कशासाठी हवंय. न्यू जर्सीत घर घेतलंस, घराला परस मिळालं आणि पहिल्याच थंडीत तुला बाबांची पोपटी आठवली. मलाही इथे ऑस्टिनला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात तीच आठवली होती. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला चोळलेली कोंबडी, मग पुन्हा पाला दाबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आपण दोघी पाला खुडून आणायच्या मानकरी. जाळापाशी मात्र बाबा, काका आणि मामा. आपल्याला कुणी रागावून हाकललं नाही, पण कुणी बोलावलंही नाही. बाबा मडक्याचं तोंड पुन्हापुन्हा चाचपून बघायचे, एवढं मला स्पष्ट आठवतं. पाला सैल राहिला तर आतली वाफ निघून जाते आणि शेंगा कोरड्या पडतात, म्हणून. आज मी तुला जे सांगणार आहे ते त्या चाचपण्यातच आलं.

इथला बार्बेक्यू पोपटीपेक्षा वेगळा आहे. पोपटीचा जाळ बाहेर आणि काम अर्ध्या-पाऊण तासाचं. स्मोकरमध्ये निखारा आत, मांस त्याच्यापासून लांब, आणि भांड्यातली उष्णता २२५ ते २५० फॅरनहाइटच्या (म्हणजे साधारण १०७ ते १२१ सेल्सिअसच्या) आसपास तासन् तास धरून ठेवायची. निखाऱ्याला हवा जास्त मिळाली की तो फुलतो, कमी मिळाली की मंदावतो. म्हणजे स्मोकर विकत घेताना तू खरं तर हवेवरचा ताबा विकत घेतेस. रंग, चाकं, बाजूची लाकडी फळी हे सगळं त्यानंतर.

आमची पहिली चूक तिथेच झाली. टेक्सासला आल्यावर आम्ही लॉकहार्टला गेलो. तिथलं क्रॉइझ मार्केट १९०० सालापासूनचं. विटांच्या लांबलचक भट्ट्या, तोंडाशी जळणारे ओकचे ओंडके, आणि कागदावर नुसतं मांस आणि पाव. आम्ही भारावून गेलो. घरी येताच तशाच घाटाचा, एका बाजूला जाळाची वेगळी पेटी असलेला ऑफसेट स्मोकर घेतला, आणि स्वस्तातला घेतला. ऑफसेट हे टेक्सासचं खरं वाद्य आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण चांगला ऑफसेट पाव इंच जाड पोलादाचा असतो, त्याला दर अर्ध्या-पाऊण तासाला लाकूड घालावं लागतं, आणि तो चालवणारा माणूस त्याच्याजवळून हलत नाही. आमचा पत्रा इतका पातळ की नोव्हेंबरच्या वाऱ्यात तो क्षणात गार व्हायचा. झाकणाच्या चारी बाजूंनी धूर निघत होता आणि मी त्याला शोभा समजत होते. काटा कधी १८०, तर कधी ३२५. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बारा माणसं जेवायला होती. सकाळी आठला लावलेली कोंबडी दुपारी काळीठिक्कर आणि कडू, आणि पोर्क रात्रीपर्यंत शिजलंच नाही. मुलांनी घास तोंडातून काढून ठेवला. त्या रात्री मला वाटलं, हे आपल्या हाताला नाही. पुढची दोन वर्षं मी निखाऱ्याला हात लावला नाही. ती दोन वर्षं मला अजून सलतात, म्हणूनच तुझ्या फोटोंपैकी दुसरा आणि पाचवा मी लगेच बाद केला. दोन्ही तसलेच आहेत.

दुकानात गेलीस की आधी झाकण बघ. बंद करून त्याच्या कडेनं बोट फिरव. कुठे डुगडुगतंय का, उजेड दिसतोय का ते बघ. मग हवेच्या झडपा सरकवून बघ. त्या सहज फिरल्या पाहिजेत, पण सोडल्यावर आपोआप हलता कामा नयेत. खाली राख साठायला जागा आहे का? मांस न हलवता आत कोळसा घालता येतो का? विक्रेता तुला दर्शनी थर्मामीटर दाखवेल. तो बहुतेक वेळा झाकणाच्या वरच्या भागात असतो आणि जाळीवरची खरी उष्णता सांगत नाही. त्यावर भाळू नकोस.

तुमच्यासाठी मला विचारशील तर गोळीच्या घाटाचा, उभा, आत पाण्याचं भांडं असलेला स्मोकर घे. वेबर कंपनीचा स्मोकी माउंटन हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. १९८१ पासून तो विकला जातोय आणि रचना फारशी बदललेली नाही, याचं मला मोल वाटतं. तळाशी कोळसा, मधे पाण्याचं भांडं, वर दोन जाळ्या, त्यावर घुमटासारखं झाकण. पाणी १०० सेल्सिअसच्या वर तापत नाही, त्यामुळे ते लगामासारखं काम करतं, निखारा एकदम उसळला तरी वरचं मांस करपत नाही. तो १४, १८ आणि २२ इंचांत मिळतो. तुम्ही घरात चौघं आणि महिन्यातून एकदा दहा-बारा पाहुणे, तर १८ इंची पुरेसा. २२ इंची बघून मोह होईल, पण तो कोळसाही तसाच खातो.

तुझा नवरा म्हणतोय तो हिरवा अंड्यासारखा चिनीमातीचा कामादोही वाईट नाही. कामादो म्हणजे जपानीत चूलच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी तसली भांडी घरी आणली, आणि १९७४ साली अटलांटात बिग ग्रीन एग सुरू झालं. जाड भिंतीमुळे थोड्या कोळशावर तो तासन् तास तग धरतो, तुमच्या जानेवारीतसुद्धा. पण मोठा घेतलास तर वजन दीडशे पौंडांच्या वर जातं, पडला तर तडकतो, आणि एकदा तापून वर गेला की लवकर खाली येत नाही. शिवाय किंमत. घराचे हप्ते नुकते सुरू झालेत, तेव्हा आत्ता तो नको. ड्रमचा स्मोकर, ज्यात आकड्यांना मांस टांगतात, तो कोंबडीला फार छान. पेलेटवाल्या विजेच्या यंत्राबद्दल मी बोलतच नाही, तुला कोळसा हवाय.

आणि थांब, एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. शेजारच्या आजोबांकडे जुनी केटल ग्रिल धूळ खात पडलीय असं तू म्हणाली होतीस ना? ती मागून आण. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थानं पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग करून ती बनवली, आणि तिचं झाकण अजूनही या धंद्यातल्या चांगल्या झाकणांपैकी एक आहे. ब्रिकेट कोळसे तिच्या कडेनं अर्धगोलात, दोन-दोन रांगांत, सापासारखे मांड आणि एकच टोक पेटव. एक पेटून दुसऱ्याला पेटवत जातो आणि चार-पाच तास मंद आच मिळते. मधे पाण्याचं अॅल्युमिनियमचं भांडं, पलीकडे मांस. नवं काही घेण्याआधी तीन शनिवार यावर काढ. तिसऱ्या शनिवारीही तुला निखाऱ्यापाशी बसावंसं वाटलं, तर १८ इंची घ्यायला मी स्वतः निम्मे पैसे देईन.

आता कोळसा. दीर्घ कामाला ब्रिकेट बरे, सगळे एकसारखे असल्यामुळे एकसारखे जळतात. लाकडी कोळशाचे तुकडे जास्त तापतात पण आच वरखाली करतात. पेटवायला द्रव तेल मुळीच वापरू नकोस, सगळ्याला रॉकेलसारखा वास लागतो. पत्र्याची चिमणी मिळते, खाली कागद, वर कोळसा, पंधरा-वीस मिनिटांत निखारे तयार. उभ्या स्मोकरमध्ये न पेटलेला कोळसा भरपूर भर आणि त्यावर पेटलेले थोडेच निखारे ठेव. जिम मिनियन नावाच्या बार्बेक्यूवाल्यानं रूढ केलेली ही रीत, आठ-दहा तास बघावं लागत नाही. वरची झडप कायम पूर्ण उघडी ठेव आणि आच फक्त खालच्या झडपांनी सांभाळ. झडप केसभर हलव आणि पंधरा-वीस मिनिटं वाट बघ. वर चढलेली आच खाली आणणं फार कठीण असतं, म्हणून २२५ च्या अलीकडेच झडपा बंद करायला लाग. आणि झाकण सारखं उघडून बघू नकोस गं, उघडलंस की हवा आत शिरते आणि निखारे भडकतात.

धुराचं तुला मी काय शिकवू! आईच्या हाताखाली भरताला धुंगार देत आलीस. वाटीत निखारा, वर तूप, झाकण, आणि जरा जास्त वेळ राहिलं की भरीत कडू. इथेही तेच. पांढरा दाट धूर म्हणजे आग घुसमटलीय, त्यात मांस ठेवायचंच नाही. पातळ, जेमतेम दिसणारा निळसर धूर आला की ठेव. सफरचंद, चेरी किंवा हिकरीचे मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरतात. ते पाण्यात भिजवायची गरज नाही, त्यानं नुसती वाफ होते. पाइन किंवा रंग दिलेलं लाकूड कधीच नाही.

थर्मामीटरवर मात्र पैसे खर्च कर. दोन सुयांचा घे, एक जाळीवर, एक मांसात. कोंबडी आत १६५ फॅरनहाइट झाली पाहिजे, आणि तिला भांड्यात २७५ ते ३२५ ची आच दे, नाहीतर कातडी रबरासारखी होते. पोर्कचा खांदा २०० च्या पुढे गेला की रेषा-रेषा सुटतात. दीडशे-एकशेसाठच्या आसपास काटा दोन-तीन तास हलणार नाही, तेव्हा घाबरू नकोस, कोळसा वाढवू नकोस. मांसाला घाम येतो आणि त्या बाष्पीभवनानं ते गार राहतं, उन्हात आपण राहतो तसं. घाई असेल तर जाड फॉइलमध्ये गुंडाळ. मी बोकडाचा खांदा करते तेव्हा मीठ आदल्या रात्री चोळते, गोडा मसाला सकाळी, आणि चार तासांनी गुंडाळून ठेवते. पहिल्यांदा केला तेव्हा तुझे भाऊजी काहीच बोलले नाहीत, नुसते जेवत राहिले.

तुझ्या सासूबाई खात नाहीत, त्यांचं आधी कर. वेगळी जाळी घे, तिला मांस लावूच नकोस, आणि सकाळी निखारे नवे असताना पनीर, मक्याची कणसं, कांदे, ढोबळी मिरची ठेव. पनीरला अर्धा तास पुष्कळ. त्यानंतर मांस. दोन जाळ्या आहेत म्हणून खाली त्यांचं आणि वर आपलं असं करू नकोस, वरची चरबी खाली ठिबकते. भरताचं वांगं मात्र धुरीत ठेवू नकोस, तिथे ते नुसतं मऊ होतं, साल करपत नाही. ते शेवटी थेट निखाऱ्यांवर.

स्मोकर भिंतीपासून निदान दहा फूट लांब ठेव. तुमच्या घराला बाहेरून व्हिनाइलच्या पट्ट्या आहेत, त्या जवळच्या आचेनं वितळतात. आणि कितीही पाऊस आला तरी गॅरेजमध्ये ओढू नकोस, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. काम झालं की सगळ्या झडपा बंद कर, राख दोन दिवस तशीच राहू दे, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भर. प्लॅस्टिकच्या कचरापेटीत राख टाकून मी आगी लागलेल्या बघितल्यात.

एक मात्र मनापासून सांगते. पाहुणे आले की चार पुरुष हातात ग्लास घेऊन त्या भांड्याभोवती उभे राहतील, कुणीतरी झाकण उघडेल, कुणीतरी झडप फिरवेल, आणि तुला म्हणतील, वहिनी, तुम्ही आत कोशिंबिरीचं बघा. जाऊ नकोस. कोशिंबीर त्यांना करू दे. पहाटेपासून ती आच तू सांभाळलेली असशील, झडप किती उघडी आहे आणि का, हे फक्त तुला माहीत असेल. बाबांना जाळाजवळ बसलेलं आपण लांबून बघितलं, तुझी लेक जवळून बघू दे. तिला राखेचं भांडं आणि थर्मामीटरची वही दे. दर अर्ध्या तासानं आकडा लिहायला सांग. माझ्या लेकीची तशी वही अजून आहे, पहिल्या पानावर तेलाचा डाग पडलेला.

येत्या शनिवारी केटलवर कोंबडीच्या तंगड्यांनीच सुरुवात कर, दुसरं काही नको. सकाळी सातला चिमणी पेटव. तुमचे सात म्हणजे आमचे सहा, मी उठलेली असेन. झाकण लावलंस की कडेनं धूर कुठून निघतोय त्याचा फोटो पाठव.