स्वतःचा धंदा की नोकरी? आधी दिवस मोजा

कोथरूडमध्ये जुन्या सोसायट्या पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. खिडक्या, फर्निचर, नळजोडणी, रंगकाम यांना तोटा नाही. कोंढवा, मोमीनपुरा भागांतून तिकडे कामाला जाणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांच्या मनात त्यामुळे एक विचार येतोच. मालक गिऱ्हाइकाकडून एवढे घेतो आणि आपल्या हातावर इतकेच ठेवतो. मग आपणच काम का घेऊ नये? विचार रास्त आहे, पण हिशेब अर्धाच झालेला असतो.

समजा, एखाद्या वर्कशॉपात कारागिराला मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये मिळतात. तेथे भविष्यनिर्वाह निधी लागू असेल तर मालक १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये वर भरतो. राज्य विमा योजनेत त्याचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे ४८७ रुपयांच्या वर. पाच वर्षे भरल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाने महिन्याला सुमारे ७२० पडते. म्हणजे खरा पगार १८,००० आहे. ज्यांच्या मालकाकडे यांपैकी काहीच नाही, त्यांचा नोकरी सोडण्यातला तोटा अर्थातच कमी.

आता दुसरी बाजू. स्वतःच्या धंद्यात महिन्याचे सव्वीस दिवस मजुरी मिळत नाही. माप घेणे, दर सांगणे, माल आणणे आणि थकलेली बाकी मागायला चकरा मारणे यात दिवस जातात. यातला शेवटचा प्रकार फारच वेळखाऊ. सोळा दिवस कमाईचे राहिले असे धरू. पेट्रोल, फोन, गाळ्याचे भाडे व हत्यारांची झीज यांचे ८,००० धरा. मग घरी १८,००० न्यायला २६,००० मिळवावे लागतील. मालाची किंमत सोडून नुसत्या मजुरीचे रोज १,६२५ रुपये पडले पाहिजेत! हा दर गिऱ्हाईक देईल का, हे घरी बसून कळत नाही. नोकरी सांभाळून चार-सहा महिने सुट्टीच्या दिवशी लहान कामे घ्यावीत आणि वहीत प्रत्येक कामाचे दिवस, जमा व बाकी लिहावी.

हा मार्ग नवा नाही. किर्लोस्कर घराण्याने १९६२ साली कमिन्स या अमेरिकन कंपनीबरोबर कोथरूडला इंजिनांचा कारखाना काढला. त्या घराण्याचे मूळ पुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. १८८८ पासून बेळगावात सायकलींचा धंदा सुरू झाला तो त्यांची नोकरी चालू असतानाच. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा त्या विकत. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा दुकान आधीच चालू होते. पुढे त्यांचा पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. दोन वर्षे थांबण्याइतकी शिल्लक आपल्यापैकी किती जणांकडे असेल? निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, आणि त्यात रमजान-ईदचा खर्चही धरावा.

आणखी एक गोष्ट तपासावी. गिऱ्हाईक तुमच्या हाताला ओळखते की मालकाच्या पाटीला? मालकाच्या कामावर असताना त्याचेच गिऱ्हाईक फोडणे वाईट, आणि धंद्याच्या दृष्टीनेही खोट्याचे. बाजारात अशी गोष्ट लपत नाही. शेजारी व नातलग यांच्याकडून आलेली कामे मात्र तुमची स्वतःची. बिल्डरच्या ठेकेदाराकडून उक्ते काम घेण्यापेक्षा फ्लॅटमालकाचे लहान काम आमच्या मते सुरुवातीला बरे. तेथे बयाणा मागता येतो.

भांडवलासाठी घाई नको. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, गवंडी असे अठरा व्यवसाय आहेत. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते आणि कर्जावर कारागिराला पाच टक्के व्याज पडते. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको त्यांनी कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही. प्रशिक्षण व हत्यारांची मदत त्याशिवायही मिळते. मात्र ही योजना स्वतःचे काम करणाऱ्यासाठी आहे, पगारी नोकरासाठी नाही. भावाकडून किंवा मित्राकडून रक्कम घेतली तर ती उसनी की भागीदारीची, हे पहिल्याच दिवशी दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्यावे.

कागदपत्रांची भीती बाळगू नये. उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही, आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त सूचना द्यावी लागते. त्यासाठी एजंट मोठी रक्कम मागू लागला तर सरळ घरी परत यावे.